शनिवारची गिरण

शनिवारी बंद असते. हे आधीच सांगून टाकते, कारण पहिल्या महिन्यात मी सलग दोन शनिवार डबा घेऊन गेले आणि दोन्ही वेळा बंद शटरला नमस्कार करून परत आले. भर उन्हात, पाच किलो तांदूळ कडेवर. दुसऱ्या खेपेला इतकी चिडले की तिथेच बाकावर बसून मोबाईलवर गिरणीच्या परीक्षणात पाचपैकी एकच तारा ठोकणार होते. रेंज नव्हती म्हणून राहिलं. आता तीन वर्षं झाली. आता लिहिते ते सावकाश लिहिते.

गिरणीचं नाव लिहीत नाही. पाटीवरची अक्षरं पिठाने कधीच बुजलीत. गिरणीवाल्या भाऊंना विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला टाकता, सणाला आधीच उभं राहायला जागा नसते." अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या एका गावात, समुद्राकडे उतरणाऱ्या आळीच्या तोंडाशी आहे. वर पत्रे, बाहेर दोन बाक, मागे सुपारीची वाडी. रस्त्यावर कुणालाही "शनिवारची गिरण" म्हणून विचारा, हात करून दाखवतील.

माझ्याबद्दल एवढंच, की मी पोस्टात छत्तीस वर्षं काढली आणि त्यातली एकोणीस काउंटरवर. रांग, नंबर, सुटे पैसे आणि खिडकीमागच्या माणसाचं तोंड, या चार गोष्टींवरून मी कुठलीही जागा जोखते. निवृत्त झाल्यावर ठाण्याची जागा मुलाला दिली आणि आम्ही दोघं इकडे सासरच्या घरी आलो. ठाण्यात घरघंटी होती. ती चांगलीच, पण तिचं पीठ तव्यासारखं तापून बाहेर येतं आणि तांदळाची भाकरी थापताना कडेला फाटते. इथल्या दगडी जात्याचं पीठ कोमट येतं. भाकरी हातावर फिरते. फरक दुसऱ्या दिवशीच कळला.

जाती तीन आहेत. मोठं फक्त तांदळाचं, त्यावर दुसरं काही पडत नाही. दुसऱ्यावर गहू, मग ज्वारी-बाजरी, मग नाचणी, दुपारनंतर डाळी आणि सगळ्यात शेवटी कुळीथ. कुळीथ पडला की ते जातं त्या दिवसापुरतं मिटलं. तिसरं छोटं, भिंतीकडचं, राजगिरा, वरी, शिंगाडा असल्या उपासाच्या जिनसांचं. ते सोमवारी आणि एकादशीच्या आदल्या दिवशी चालतं. हा क्रम पाटीवर खडूने लिहिलेला असतो आणि त्यावर वाद चालत नाही.

भाऊ पीठ कसं बघतात ते बघण्यासारखं आहे. कापडी नळीतून पडणारं पीठ अंगठ्यावर घेतात, शेजारच्या बोटाने एकदाच घासतात आणि वरचा दांडा अर्धा आटा फिरवतात. बस्स. मोदकाच्या पिठीचे तांदूळ आले तर आधी एक दाणा लोखंडी बत्त्याने फोडून बघतात. धुतलेले तांदूळ पुरते वाळलेले नसले तर जात्याला लगदा बसतो. दाणा कट् करून फुटला तर डबा रांगेत, चेपला तर परत. एकदा मी म्हटलं, दाताखाली धरून बघा की, पटकन कळेल. ते म्हणाले, "नैवेद्याचे असतात ना." स्वतः ते देवाधर्मात फार आहेत असं नाही. शनिवारी मारुतीला तेल आणि गणपतीला दीड दिवस, एवढंच.

तर शनिवार. तो मारुतीचा वार म्हणून गिरण बंद, असं आळीतले बरेच जण सांगतात. मोहल्ल्यातले सांगतात, शनिवारी लाईट जायची म्हणून पूर्वीपासून बंद. दोन्ही चूक. या जागेत आधी तेलाचा घाणा होता आणि तो घाणा "शनिवार तेली" लोकांचा होता. नव्या लोकांना हा शब्द माहीत नसतो. आपल्या या किनाऱ्यावर, नवगाव, रेवदंडा, अलिबाग, पेणपर्यंत जे बेने इस्रायल म्हणजे ज्यू लोक शेकडो वर्षं राहिले, त्यांच्यातल्या पुष्कळांचा धंदा तेल गाळायचा. शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी घाणा जुंपायचा नाही. म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. महादेवासाठी सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. दोघांचं तेल तेच, सुट्टी वेगळी. गावाला त्यांच्या धर्मग्रंथातलं काही माहीत नसावं, पण कुठल्या वारी कुणाकडे तेल मिळणार नाही हे पक्कं माहीत होतं.

१९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं हळूहळू इस्रायलला गेली. या घाण्याचे मालक साठच्या दशकात गेले. भाऊंचे वडील त्यांच्याकडे पोरवयापासून कामाला. जागा त्यांनी घेतली, पुढे घाणा काढून गिरण बसवली, पण शनिवार तसाच ठेवला. मी विचारलं, मालकांना शब्द दिला होता का? मला वाटलं आता काहीतरी डोळ्यांत पाणी आणणारं ऐकायला मिळणार. भाऊ म्हणाले, "शब्द कसला! बापाला आयुष्यात सुट्टी ठाऊक होती ती शनिवारची. दुसऱ्या कुठल्या वारी घरी बसायचं हे त्याला जमलंच नसतं. आणि मला त्याच्यामुळे सवय." मग थोड्या वेळाने, मोटर बंद केल्यावर, "आणि त्यांची माणसं अजून येतात कधी बघायला, सुट्टीला आली की. शनिवारी उघडी दिसली तर बरं नाही वाटायचं."

आता हा शनिवार किती महागात पडतो ते सांगते. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी होता. ईद चंद्रावर, पण सोमवारी ३१ला होणार असा सगळ्यांचा अंदाज होता आणि तशीच झाली. म्हणजे एका बाजूला पुरणपोळीची कणीक, चण्याची डाळ. दुसऱ्या बाजूला मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरचं तांदळाचं पीठ, रोट्यांसाठी आणि सांदणांसाठी. आणि दोन्ही सणांच्या तोंडावर शनिवार! त्या आठवड्यात मी एक दुर्मीळ दृश्य पाहिलं. इथल्या दोन आळ्यांचं गटाराच्या उतारावरून गेली कित्येक वर्षं जमत नाही. पण आमच्या आळीतले दोघे आणि मोहल्ल्यातले तिघे एकत्र येऊन भाऊंसमोर उभे राहिले, की बाबा, एक शनिवार उघड. इतकं एकमत इथे निवडणुकीलाही होत नाही.

भाऊ नाही म्हणाले. शुक्रवारी पहाटे चारला उघडतो आणि शेवटचा डबा संपेपर्यंत बंद करत नाही, म्हणाले. तसंच केलं. तो शुक्रवार रमजानचा शेवटचा जुम्मा. दुपारी नमाजाला मोहल्ला रिकामा होणार, संध्याकाळी रोजा सोडायला पुन्हा घरी पळापळ. आमच्याकडे गुढीच्या काठीपासून पुरणाच्या डाळीपर्यंत सगळं व्हायचं होतं. अशा दिवशी रांगेत कोण उभं राहणार?

उत्तर या गिरणीत आधीपासूनच आहे आणि मला काउंटरवर एकोणीस वर्षांत ते सुचलं नाही याची थोडी लाज वाटते. इथे रांगेत माणूस उभा नसतो, डबा उभा असतो. येताक्षणी पत्र्याचा बिल्ला मिळतो, तोच नंबर खडूने डब्यावर, आणि डबा भिंतीलगतच्या फळीवर ओळीत. तुम्ही आरतीला जा, नमाजाला जा, कोर्लईची ख्रिस्ती माणसं मिसेला जातात तशी जा, घरी जाऊन झोपा. डब्याचा नंबर जात नाही. आणि आधीही येत नाही.

त्या दिवशी माझा नंबर एकसष्ट आणि माझ्या मागच्या घराला लागून राहणाऱ्या भाभींचा साठ. सात वाजायला दहा मिनिटं असतील, त्यांचा डबा हातात घेतला आणि अजान झाली. भाभी तासाभरापूर्वीच घरी गेल्या होत्या. माझ्या मागच्या नंबरचा एक गृहस्थ (आमच्याच आळीतला, माझ्या यजमानांचा लांबचा भाचा लागतो) म्हणाला, "माणूस हजर नाही, पुढचा घ्या. यांच्यासाठी किती थांबायचं?" भाऊंनी वर न बघता तांदूळ ओतले. "थांबलो कुठे? डबा आहे ना." पाच मिनिटांत दळून झालं, झाकण लावलं, पुढचा. कुणाला सवलत नाही, कुणावर उपकार नाही. खरं सांगते, मला स्वतःला थोडं वाटलं होतं की मी समोर उभी आहे तर माझं आधी घ्यायला काय हरकत होती. तसं बोलले नाही. भाच्याने माझं काम परस्पर केलं होतं.

गिरण त्या रात्री दीड वाजता बंद झाली. शनिवारी भाऊ अंगणात खाटेवर घोरत होते.

आणखी एक प्रसंग. पावसाळ्यानंतर कधीतरी एक जण आला. नवीन बंगला बांधलाय, पुण्याकडचे. बोलणं मऊ. म्हणाले, आमच्याकडे सोवळं कडक असतं, तेव्हा आमचं दळण "त्यांच्या" दळणानंतर नको. त्यांच्या म्हणजे कुणाच्या ते त्यांनी मानेने दाखवलं. मी कान टवकारले. मला वाटलं, आता भाऊ सुनावणार. नाही सुनावलं. म्हणाले, "सोवळ्याचं असेल तर पहिला नंबर घ्या. पहाटे साडेपाचला या. जातं रात्री झाडलेलं असतं, पहाटे पहिलं दळण तुमचं. कुणाच्याच नंतर नाही." गृहस्थ म्हणाले, साडेपाच फार लवकर होतं. आठ वाजता नाही का करता येणार? "आठला नंबर लागेल तो लागेल." पुढे म्हणाले, तर मग एक जातं राखूनच ठेवा, लागेल तर जास्त पैसे देतो. भाऊंनी बिल्ल्यांची तार हातात घेतली आणि विचारलं, "आज द्यायचंय का दळण?" गृहस्थ डबा घेऊन गेले. महिन्याभराने एका पहाटे साडेपाचला मी त्यांच्या सौभाग्यवतींना बाकावर बसलेलं पाहिलं. शाल गुंडाळून, डबा मांडीवर. पहिला नंबर त्यांचा होता. दुसरा मोहल्ल्यातल्या एका चाचीचा, त्यांची मुलगी सकाळच्या एसटीने कॉलेजला जाते म्हणून. दोघी लसणीच्या भावाबद्दल बोलत होत्या.

पोस्टात पार्सल घेताना आत काय आहे ते विचारावं लागायचं. काच, औषध, लोणचं. का पाठवताय ते विचारायचं नाही. भाऊ तसंच करतात. काय दळायचं, जाड की बारीक, काही सांभाळायचं आहे का. एवढंच. सुतक असेल तर घरची माणसं दहा दिवस गिरणीत येत नाहीत काही ठिकाणी. मग भाऊंचा पोऱ्या दारातून डबा उचलतो आणि दारात ठेवतो. मी स्वतः सुतक पाळत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा तिसऱ्या दिवशी मीच डबा घेऊन गेले होते. आळीत कुजबुज झाली. भाऊंनी बिल्ला दिला, अठरा नंबर.

एप्रिलमध्ये अलिबागहून एक आजी येतात, मिनीडोअर रिक्षाने, मांडीवर गव्हाची पिशवी घेऊन. बेने इस्रायलांची आता इकडे फारच थोडी घरं उरली, त्यातलं एक त्यांचं. पेसाहसाठी पीठ हवं असतं. त्या सणात आंबलेलं, फुगलेलं काही चालत नाही. पिठाला पाणी लागलं की तिथून अठरा मिनिटांच्या आत भाजून झालं पाहिजे, नाहीतर ते आंबायला लागलं असं धरतात. म्हणून गव्हाला आणि पिठाला पाण्याचा थेंबही लागता कामा नये. तयार पाकिटं मिळतात हल्ली, पण आजींना थोडं तरी स्वतःच्या डोळ्यांदेखत दळलेलं हवं असतं.

त्या दिवशी काय होतं ते मी दोनदा पाहिलंय. भाऊ दुसरं जातं उघडतात, वरचा दगड साखळीने उचलून कलता ठेवतात, आणि एरवी ओल्या फडक्याने पुसायचं ते सगळं कोरड्या कुंच्याने झाडतात. कापडी नळी काढून आजींनी आणलेली त्यांची शिवलेली नळी बांधतात. मग चहाचा ग्लास, पाण्याची बाटली, दोन्ही उचलून बाहेर बाकावर. पंखा बंद करतात, कारण मागच्या मोरीचे तुषार येतील अशी आजींना शंका असते. येत नाहीत. मोरी वीस पावलं लांब आहे. तरी बंद करतात. घामाने कपाळ भिजलं की मान बाहेर वळवून खांद्याला पुसतात. आजी हाताची घडी घालून उभ्या असतात, पोस्टात इन्स्पेक्शनला साहेब उभे राहायचे तशा. आठ किलो. दळून झालं की पिशवीचं तोंड शिवूनच नेतात.

पैसे? नेहमीचाच दर. नळी बदलायचे, जातं झाडायचे वेगळे नाहीत. "तुमच्या मोदकाच्या वेळेलाही झाडतोच की," असं मला सुनावलं.

या आजींकडूनच मला बिरड्याचा रोजा कळला. आम्ही सीकेपी. वालाचं बिरडं हे आमचंच अशी आमची ठाम समजूत. गेल्या श्रावणात रांगेत बसून मी कुणालातरी वाल कसे भिजवावेत, मोड कितपत काढावेत, साल काढताना डाळिंबी कशी मोडू देऊ नये, यावर प्रवचन देत होते. आजी म्हणाल्या, "आमच्याकडे तर उपासाचं नावच बिरड्यावरनं आहे." त्यांचं जेरुसलेमचं मंदिर दोनदा पडलं त्या दुःखाचा उपास, त्याला इकडचे ज्यू बिरड्याचा रोजा म्हणत आले. उपास यहुदी, रोजा शब्द मुसलमानी, आणि बिरडं... बिरडं आमचं, यावर मी अजून ठाम आहे. आजी म्हणाल्या, वाल भिजवताना कोमट पाणी घेत जा, गार नको. करून पाहिलं. खरंच चांगले मोड येतात.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी सांगावी की नाही असा विचार केला. २०२४ साली गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला आली, शनिवारी. म्हणजे पिठी शुक्रवारपर्यंत व्हायला हवी. मी शहाणपणा करून बुधवारीच गेले. नंबर चार. माझ्यामागे पाच नंबर आमच्या समोरच्या घरातल्या आजींचा. या माळकरी. पंढरीची वारी पायी केलेल्या. कांदा-लसूण नाही, मासळी तर दारावरून कोळीण गेली तरी पदर नाकाला.

मी तांदूळ नेले ते एका पितळी कड्यांच्या जुन्या डब्यात. चांगला मोठा, घट्ट झाकणाचा. त्या डब्यात उन्हाळाभर सोडे होते. आता सोडे म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. वाळवलेली कोळंबी, आमच्या घरात सोन्याच्या खालोखाल. डबा मी साबणाने धुतला होता, लिंबू चोळलं होतं, उन्हात ठेवला होता. मला वास येत नव्हता. खरंच येत नव्हता. नाकाला सवय झाली की येत नाही.

माझे तांदूळ दळले, नंतर आजींचे. आजींनी घरी जाऊन डबा उघडला आणि झाकण परत लावलं. मला काही बोलल्या नाहीत. ती पिठी त्यांनी शेजारच्या कोंबड्यांना घातली. सूनबाईकडून आंबेमोहोर मागवला, परत धुतला, आणि भाद्रपदाच्या त्या ओल्या हवेत पंख्याखाली धोतरावर पसरून रात्रभर बसल्या. शुक्रवारी परत आल्या. हे सगळं मला भाऊंनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून, आजी दोनदा का आल्या ते.

"तुमचा डबा होता," म्हणाले.

मी वाद घातला. हो, घातला. म्हटलं, वास काय जात्याला लागतो? दगड आहे तो. मधे मूठभर तांदूळ टाकून तुम्ही जातं साफ करता ना? आणि समजा लागला, तर एवढं काय! मी काय विष आणलं होतं? माझा आवाज चढला होता. बाकावरचे सगळे ऐकत होते.

भाऊ म्हणाले, "नसेल लागत. त्यांना लागला."

मग म्हणाले, चूक माझी, डबा मी हुंगून घ्यायला हवा होता. आणि दोन किलो तांदूळ टाकून जातं साफ केलं त्याचे पैसे तुमच्याकडून. एकशे दहा रुपये. मी फेकल्यासारखे दिले. रस्त्याने जाताना ठरवलं, उद्यापासून नाक्यावरची दुसरी गिरण.

घरी यजमान म्हणाले, "तुझ्या मोदकाच्या उकडीला कुणी बोंबील ढवळला असता तर?" मी म्हटलं, मी चाटून खाल्ली असती. तेही खोटं नव्हतं. माझा आणि आजींचा देव एकच, नैवेद्यही एकच, आणि तरी त्यांचा नैवेद्य कुठे मोडतो आणि माझा कुठे, हे एकमेकींना सांगून पटणारं नाही. मला त्यांचं ते पदर नाकाला लावणं अजूनही आवडत नाही. पण रात्रभर पंख्याखाली तांदूळ हलवत बसलेली ऐंशीची बाई डोळ्यांपुढून जाईना.

तिसऱ्या दिवशी गणपती बसल्यावर मी त्यांच्याकडे गेले. दोन किलो आंबेमोहोर घेऊन. पीठ नाही नेलं, तेवढं मला कळत होतं. दुकानातून आणलेली बंद पिशवी, कोरडा शिधा. आजींनी पिशवी उलटसुलट करून पाहिली, दुकानाचं नाव वाचलं आणि देवापुढे ठेवली. माझ्या हातचा चहा त्यांनी आजतागायत घेतलेला नाही. मीही कधी विचारत नाही. त्या दिवशी मात्र मला मोदक दिला, आणि मी दुसरा मागितला. उकड माझ्यापेक्षा चांगली होती.

डबा हुंगायची पद्धत त्या बुधवारनंतर सुरू झाली. आता प्रत्येक डब्याचं झाकण काढून भाऊ एकदा नाक जवळ नेतात, सगळ्यांच्याच. लोकांना वाटतं पूर्वीपासूनच आहे. मी काही बोलत नाही.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. जागा लहान आहे आणि पावसात बाकावर पागोळ्या पडतात. मिरची कांडायचं यंत्र पलीकडच्या खोपटात आहे, त्याचा ठसका मे महिन्यात रस्त्यापर्यंत येतो. कोरडा जवळा, सुकट दळून देत नाहीत, कुणालाच नाही, कितीही ओळख असली तरी. घरी मिक्सर आहे ना, म्हणतात. झाडणीचे कुंचे तीन खिळ्यांवर तीन रंगांच्या दोऱ्यांना टांगलेले आहेत. त्यातली हिरवी दोरी बघून मागच्या वर्षी एकाने विचारलंच, हिरवी कशाला? भाऊंनी त्याला सांगितलं, वाण्याकडे तीच फुकट मिळाली. तो कुंचा उपासाच्या जात्याचा आहे. दोरी अजून हिरवीच आहे. आणि पोऱ्या हिशोबात कच्चा आहे, वजन स्वतः बघून घ्यावं.

आणि शनिवार. शनिवारबद्दल माझं मत अजून तेच आहे. नोकरी करणाऱ्या माणसाला दळणाला तोच एक दिवस मिळतो. त्याचा एक तारा मी कापलाय.

दर सध्या तांदूळ किलोला आठ, गहू सात, भाजणी बारा. वेळ सकाळी साडेपाच ते एक आणि चार ते आठ. शुक्रवारी बारा वाजताच जेवायला जातात आणि अडीचला येतात, तेव्हा दुपारी जाऊ नका. मोदकाची पिठी हवी असेल तर बिल्ला आदल्या संध्याकाळी घ्या. यूपीआय चालतं, पण पिठाच्या हाताने ते फोन धरत नाहीत, तुम्हीच स्कॅन करून आवाज ऐकवा. डबा स्वतःचा न्या. माझे आता दोन आहेत. सोड्याच्या डब्यावर नेलपॉलिशने लाल फुली मारली आहे, आणि ती सुनेला दिसावी म्हणून झाकणावरही एक.